अलगद लागणारं दार: मुंबईत रिस्टोअर झालेल्या १९६६ च्या एमजीबी रोडस्टरचं परीक्षण

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार नव्या रंगात समोर उभी राहिली की बहुतेकांचा हात आधी बॉनेटवर फिरतो. तपासणीला मात्र सुरुवात दारापासून करावी. हँडलचं बटण दाबून दार उघडायचं, पूर्ण उघडल्यावर ते किंचितही खाली बसतं का बघायचं आणि मग दोन बोटांनी ढकलून लावायचं. चांगल्या एमजीबीचं दार अलगद लागतं. आपटावं लागत असेल, किंवा लावताना जरा उचलून धरावं लागत असेल, तर खालच्या पत्र्यात दोष आहे आणि वरचा रंग कितीही सुंदर असला तरी तो दोष झाकलेलाच राहणार आहे.

इथे परीक्षण आहे ते १९६६ च्या एका एमजीबी रोडस्टरचं. मध्य मुंबईतल्या एका औद्योगिक वसाहतीत दोन गाळ्यांत चालणाऱ्या गॅरेजने ती ग्राहकासाठी रिस्टोअर केली. गाडी टोचन करून आली होती, २२ महिन्यांनी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. तयार गाडी, जॉबकार्डं, टप्प्याटप्प्याचे फोटो आणि शहरात व बाहेर मिळून ४०० किलोमीटरची चाचणी, एवढ्यावर हे परीक्षण आधारलेलं आहे. गॅरेज जाहिरात करत नाही आणि ग्राहकाला प्रसिद्धी नको, म्हणून नावं दिलेली नाहीत. काम कसं झालं ते मात्र तपशिलात सांगण्यासारखं आहे, कारण मुंबईत अशी गाडी कुणाकडे द्यायची हे ठरवताना नेमकं काय विचारायचं तेच बहुतेकांना माहीत नसतं.

सिल

एमजीबी इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनली, रोडस्टर आणि बंद छपराची जीटी मिळून ५ लाखांहून अधिक. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी (खालचा सांगाडा) होती, एमजीबीला नाही. बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं जवळजवळ सगळं काम दारांखालच्या दोन आडव्या पेट्यांवर येतं. या पेट्या म्हणजे सिल. बाहेरून एक साधी पट्टी दिसते, पण आत चार पत्रे आहेत: बाहेरचा सिल, मध्ये उभा पडदा, आतला सिल आणि तळाशी कॅसल रेल. या रेलची कड किल्ल्याच्या तटासारखी खाचाखाचांची असते, म्हणून ते नाव. त्या खाचांतूनच पेटीतलं पाणी खाली उतरतं.

मुंबईत गाडी मरते ती इथेच. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या आत, दाराच्या खांबापाशी साठतो. तिथे चिखल अडवणाऱ्या पत्र्याचं, म्हणजे स्प्लॅश पॅनलचं, रबर एकदा कडक झालं की चिखल थेट सिलच्या तोंडाशी बसतो आणि पावसाळाभर ओला राहतो. त्यात खारी हवा. चार-पाच वर्षांत कॅसल रेल कागदासारखी होते, आणि बाहेरचा सिल मात्र अजून ठीक दिसत असतो. उपनगरांत तळमजल्यावर वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी घेत असाल तर आणखी एक बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कितीतरी गाड्या सीटपर्यंत पाण्यात गेल्या. त्या पुराचा बारीक गाळ अजूनही जुन्या सिलमध्ये सापडतो. गालिचा उचलून तळपत्र्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं की हाताला मऊ पिवळट माती लागते.

यावरचा रूढ उपाय असा: गंजलेल्या सिलवर नवा पत्रा वरून चढवायचा, गॅस वेल्डिंगने चार-सहा ठिकाणी टाके मारायचे, लांबी (खड्डे भरायचा लेप) भरायची आणि रंग मारायचा. दोन दिवसांत काम होतं. आतला गंज मात्र चालूच राहतो, नव्या पत्र्यामुळे ओल बाहेर पडायची वाटही बंद होते आणि दोन पावसाळ्यांत दार घासू लागतं. यातलं वाईट असं की तोवर पैसे देऊन झालेले असतात आणि खरं काम करायला आधी हे खोटं काम कापून काढावं लागतं.

या गॅरेजने ते केलेलं नाही. पुढची मडगार्डं बोल्टची आहेत, ती उतरवली. मागची वेल्ड केलेली असतात, त्यांची खालची टोकं कापली, कारण बाहेरचा सिल दोन्ही मडगार्डांच्या आड जातो आणि ते न उघडता तो पूर्ण बदलताच येत नाही. ‘मडगार्ड न काढता सिल बदलून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघावं. कापण्याआधी दारं, बॉनेट आणि डिकी जागेवर बसवून प्रत्येक फट तीन-तीन ठिकाणी मोजून जॉबकार्डावर लिहिली आहे. मग दाराच्या चौकटीत २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीचे दोन आडवे आणि एक तिरका आधार टाकून बिजागरीचा खांब आणि लॉकचा खांब एकमेकांना बांधले. एका वेळी एकच बाजू कापली. घोड्या (गाडी उचलून धरणारे टेकू) लावल्या त्या चाकं जिथे वजन घेतात त्याच जागी, पुढे सस्पेन्शनच्या आडव्या तुळईखाली आणि मागे ॲक्सलखाली.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वाधिक चुकतो. सिल कापलेली रोडस्टर मधोमध जॅकवर घेतली तर दोन्ही टोकं खाली लोंबतात आणि दारामागची फट वरच्या टोकाला उघडते. त्याच अवस्थेत नवा सिल वेल्ड झाला तर गाडी कायमची तशी गोठते. नंतर दार कितीही हलवा, बिजागरीखाली कितीही वायसर घाला, फट एका टोकाला जुळते आणि दुसऱ्या टोकाला बिघडते. उलट, चाकांवर उभ्या गाडीत खचलेला सिल असेल तर तेच वरचं टोक मिटतं आणि दाराची मागची कड खांबाला घासून रंग उडतो. फट वर-खाली कशी बदलते एवढ्यावरून आत काय घडलंय ते वाचता येतं.

वेल्डिंग मिगचं, म्हणजे वायूच्या आवरणाखाली तार वितळवून केलेलं आहे. कॅसल रेल आणि पडदा १.२ मिलिमीटर पत्र्याचे. मूळ कारखान्यात स्पॉट वेल्ड होते. त्यांच्या जागी वरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरची भोकं पाडून दर २५ मिलिमीटरला प्लग वेल्ड मारले आहेत आणि जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर दिला आहे. कुठेही पितळी ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड, नाही. प्रत्येक टप्प्यावर दार टांगून फट मोजली गेली, असे फोटो आहेत. पट्टी फटीत धरलेली दिसते आणि आकडा वाचता येतो.

तयार गाडीवर मोजणी केली तेव्हा दोन्ही दारांच्या मागच्या फटी ४ ते ५ मिलिमीटरच्या आत भरल्या. मग गाडी सिलच्या मधल्या जॅकिंग पॉइंटवर उचलली, दोन्ही डावी चाकं जमिनीपासून सुटेपर्यंत. डाव्या दाराची फट वरच्या टोकाला अर्धा मिलिमीटरही बदलली नाही आणि जॅकवर असतानाच दार उघडून पुन्हा अलगद लागलं. कमजोर सिलच्या गाडीत इथे दार अडकतं. या एका चाचणीसाठी या गॅरेजला पूर्ण गुण.

एक उणीव आहे. पुढच्या डाव्या मडगार्डमधल्या स्प्लॅश पॅनलचं रबर नवं असलं तरी वरच्या कोपऱ्यात ते पत्र्याला टेकत नाही, करंगळी जाईल एवढी जागा सुटली आहे. उजवीकडे तसं नाही. सिल खराब होण्याचं मूळ कारण जिथे आहे तिथेच ही कुचराई व्हायला नको होती. दुरुस्ती तासाभराची आहे आणि ती पावसाळ्याआधी व्हायला हवी.

बॉडी फारच गेलेली असेल तर दुसरा मार्गही आहे. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीचं पूर्ण बॉडी शेल बनवते. पण भाडं आणि आयातशुल्क धरलं तर हा पर्याय महाग पडतो, आणि शेल बदललं की कागदपत्रांचा प्रश्न उभा राहतो. इथे पुढचे चासी-रेल आणि मागच्या स्प्रिंगांच्या जागा शाबूत होत्या, त्यामुळे मूळ बॉडी वाचवण्याचा निर्णय योग्यच म्हणायचा.

रंग आणि मुंबईची हवा

रंग ओल्ड इंग्लिश व्हाइट, म्हणजे किंचित साईसारखी झाक असलेला पांढरा. गाडीचा मूळ रंग तोच, आरसी बुकातही तोच. रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते, हे ग्राहकाला आधीच लेखी सांगितलं होतं.

मुंबईत रंगकामाचा खरा शत्रू दमटपणा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त असावं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली असावी, असा कोटिंगचा साधा नियम आहे. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या वर जातो. म्हणजे फरक ३ अंशांपेक्षा कमी. अशा वेळी डोळ्यांना न दिसणारा ओलाव्याचा थर पत्र्यावर असतोच. त्यावर प्रायमर मारला तर सहा-आठ महिन्यांनी बारीक फोड येतात, आधी सिलच्या कडेला आणि हेडलाइटच्या रिंगभोवती. गॅरेजने जून ते सप्टेंबर रंगाचं काम पूर्ण थांबवलं. उघडा पत्रा तेवढे महिने तसाच राहू नये म्हणून मे महिन्यातच इपॉक्सी प्रायमरचे दोन हात देऊन ठेवले, आणि ऑक्टोबरअखेर ते घासून पुढचं काम सुरू केलं. यात वेळ गेला. पण तो वाचवायचा तर डीह्युमिडिफायर लावलेलं बंद बूथ हवं, आणि तसं बूथ या गाळ्यात नाही.

लांबी भरली ती इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. पॉलिएस्टर लांबी ओलावा शोषते, त्यामुळे हा क्रम फार महत्त्वाचा. मापकाने रंगाची जाडी बघितली तर दारांवर १८० ते २४० मायक्रॉन, मागच्या मडगार्डांवर २२० ते ३१०. एकाच जागी, मागच्या उजव्या मडगार्डच्या खालच्या जोडावर, ४६० भरले. तो जोड वेल्डचा असल्यामुळे तिथे लांबी असणारच. ५०० च्या वर गेलं असतं तर तक्रार केली असती. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा पोत थोडासा ठेवला आहे. काही जणांना तो नको असतो. पण आरशासारखा रंग १९६६ च्या एमजीबीवर कधीच नव्हता.

बॉनेटला लोहचुंबक चिकटत नाही म्हणून घाबरू नये. सुरुवातीच्या वर्षांच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचंच असतं. त्याला पोलादी बिजागरी थेट लावली तर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या मध्ये पांढरी पूड धरते. इथे मध्ये नायलॉनचे वायसर टाकले आहेत. छोटी गोष्ट, पण विचार करणारा माणूस कामावर होता हे त्यावरून कळतं. बॉनेट वाळूने ब्लास्ट न करता केमिकल स्ट्रिपरने सोललं तेही बरं केलं. सपाट ॲल्युमिनियम वाळूच्या माऱ्याने लाटा धरतं आणि ते परत सरळ होत नाही.

सगळा रंग सुकल्यावर सिल, दारं आणि बॉक्स सेक्शनमध्ये मेण फवारलं आहे. कॅसल रेलच्या खाचांत तार घालून बघितली, सगळ्या उघड्या मिळाल्या. मेण मारताना त्या बुजतात आणि कुणी परत उघडत नाही. मग आतलं पाणी आतच.

इंजिन आणि पेट्रोल

इंजिन मूळ नंबरचं, १७९८ सीसी, पाच मेन बेरिंगवर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरणारं बी-सिरीज. १९६४ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत तीन बेरिंगचं इंजिन होतं. पाच बेरिंगचा क्रँक जास्त दणकट. बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मूळ ८०.२६ मिलिमीटर, तो ३० थाऊ वाढवून ८१.०२ वर नेला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; लालबागपासून कुर्ल्यापर्यंतचे टर्नर आजही याच मापात बोलतात आणि ब्रिटिश गाडीला ते सोयीचं पडतं. क्रँक १० थाऊ ग्राइंड. रिंगची फट बोरच्या दर इंचाला ४ थाऊ या हिशोबाने १३ थाऊ ठेवली आहे. मापं चारही सिलिंडरची, वर-मधे-खाली आणि आडवी-उभी, कागदावर आहेत. ‘बोरिंग केलं’ एवढं एका ओळीचं बिल मिळत असेल तर ही मापं मागून घ्या. खरोखर मोजलं असेल त्याला ती द्यायला अडचण येत नाही.

हेडला रंगीत द्रव (डाय) लावून तडे तपासले. बी-सिरीजच्या मधल्या दोन एक्झॉस्ट पोर्टची वाट एकच आहे, तिथे उष्णता जमते आणि व्हॉल्व्हच्या सीटांच्या मध्ये तडा जातो; हे न बघता हेड घासून बसवणं म्हणजे काम दोनदा करणं. एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या आहेत, कारण शिसं असलेलं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं आणि मूळ मऊ लोखंडी सीट शिशाशिवाय हळूहळू आत खचते. हेडचे नट ४५ ते ५० फूट-पाउंड, मधून बाहेर या क्रमाने, आणि ८०० किलोमीटरनंतर पुन्हा ताणायचे. टॅपेटची फट १५ थाऊ, इंजिन थंड असताना. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १६० ते १६८ पीएसआय. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर ३००० आरपीएमला ६० च्या आसपास, आयडलला २० च्या वर. समाधानकारक.

ऑइल २०डब्ल्यू-५०, जस्त-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमला पहिली वीस मिनिटं २००० आरपीएमच्या वर चालवावं लागतं, आयडलवर सोडलं तर कॅमचे उंचवटे तिथेच झिजायला लागतात. ही नोंदही जॉबकार्डावर वेळेसकट आहे. गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच घातलं आहे, ते बरोबर आहे. सवयीने ९० नंबरचं गिअर ऑइल ओतणारे मेकॅनिक पुष्कळ. मग थंड गाडीत दुसरा गिअर अडतो आणि सिंक्रोवर (गिअर सहज जुळवणाऱ्या रिंगवर) खापर फुटतं. पहिल्या गिअरला तर या मॉडेलमध्ये सिंक्रो नाहीच, गाडी थांबल्याशिवाय तो घालू नये.

आता पंपावर मिळतं ते इ-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या गाडीला त्याचे तीन त्रास. पहिला रबराचा: साध्या नळ्या फुगतात, चिरतात, आणि एसयू कार्बोरेटर तापलेल्या एक्झॉस्टच्या अगदी वर आहे, म्हणजे गळती झाली तर आगच. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असावं. या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून पुढे तसंच आहे. पण दोन कार्बोरेटरना जोडणारा चार इंचांचा तुकडा बिनछापाचा निघाला. गॅरेजला दाखवल्यावर त्यांनी त्याच दिवशी बदलला. तरी हा तुकडा त्यांच्या शेवटच्या तपासणीतून सुटला होता, हे इथे नोंदवणं भाग आहे. दुसरा त्रास पाण्याचा: इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी मिसळलेला थर तळाशी बसतो. टाकी भरलेली ठेवावी आणि पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपवावं. तिसरा मिश्रणाचा: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इ-२० ला सुमारे १३.५. जुन्या सेटिंगवर गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते, गरम होते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर अडखळते.

म्हणून कार्बोरेटरचं काम इथे नेहमीपेक्षा जास्त मोलाचं. जुळे एसयू एचएस४. थ्रॉटलच्या दांड्या आणि बुश नवे आहेत. ते झिजलेले असतील तर हवा आत येते आणि आयडल कधीच स्थिर होत नाही, स्क्रू कितीही फिरवा. मिश्रण ठरवणारे जेटचे नट आधी १२ पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली, मग तिथून बारीक जुळवणी. तपासायची रीत सोपी आहे: पिस्टन खालच्या पिनने जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उचलायचा. इंजिन बंद पडू लागलं तर लीन, वेग वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर या कसोटीला उतरले. पुढच्या कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची उडी आवरणाऱ्या नळीत) ऑइल थोडं कमी होतं, ते भरल्यावर तिसऱ्या गिअरमधली हलकी अडखळ गेली.

चाचणीत दादरहून सायनकडे संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास गाडी रांगली. काटा ९० च्या पुढे गेला नाही. थर्मोस्टॅट उष्ण प्रदेशाचा, ७४ अंशांचा. रेडिएटरचा गाभा पितळी आणि नवा. कोस्टल रोडवर वरळी ते मरीन ड्राइव्ह तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ती अगदी मोकळी धावली, आणि बोगद्यात सायलेन्सरचा तो जाड, घुमणारा आवाज ऐकायला मिळाला. हँगरचं रबर कुठे आदळत नाही हेही तिथेच कळलं.

वीज, ब्रेक, चाकं

१९६६ च्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, डायनॅमो आहे आणि सीटांमागे ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. गॅरेजने हे मूळ स्वरूपात ठेवलं, आणि बॅटरीच्या झाकणावर व बॉनेटखाली ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं ठळक लेबल लावलं. लेबल हवंच. रस्त्यावर मदतीला आलेला माणूस सवयीने काळी वायर बॉडीला लावणार. अशा गाडीत आजचा चार्जर, रेडिओ किंवा एलईडी बल्ब सरळ जोडता येत नाही. निगेटिव्ह अर्थ करून घ्यायचं असेल तर कॉइलच्या वायरी उलटवणं, डायनॅमोला पुन्हा पोलॅरिटी देणं आणि टॅकोमीटर आतून बदलणं, तिन्ही लागतं. तिसरं विसरलं जातं आणि टॅको मरतो. वायरिंग नवं असून विजेचे भाग बनवणाऱ्या लुकस कंपनीचे मूळ रंग पाळले आहेत: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून, जांभळी कायम चालू फ्यूजमधून, काळी अर्थची. पुढचा मेकॅनिक यासाठी दुवा देईल.

ब्रेक सिंगल सर्किटचा, म्हणजे एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यामुळे पाइप तांबे-निकेलचे घेतले हे योग्यच. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावं. मुंबईच्या हवेत ते ओल लवकर धरतं.

तारांच्या चाकांच्या मधल्या नटाला उजवीकडे उलटी आटी असते आणि डावीकडे सरळ. पुढे जाणाऱ्या चाकाच्या दिशेने फिरवलं की नट सुटतो. ॲक्सल उघडताना हब डावे-उजवे बदलले गेले तर चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं, म्हणून ताब्यात घेताना हे स्वतः तपासा. इथे बरोबर आहे आणि हबच्या दातांना (स्प्लाइनना) ग्रीस आहे. टायर १६५/८० आर१४, जे भारतात छोट्या कारना लागतात म्हणून सहज मिळतात; त्या काळच्या १५५ रेडियल टायरपेक्षा किंचित उंच, त्यामुळे स्पीडोमीटर थोडा कमी दाखवतो. आत ट्यूब आणि रिमवर टेप आहे. स्पोकच्या रिममधून हवा गळते, ट्यूबशिवाय गत्यंतर नाही.

बोल्टांबद्दल एक सांगायला हवं. या गाडीची आटी यूएनएफ, म्हणजे इंचांत मोजायची बारीक आटी आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि मग आटी फाडतो. नागदेवी स्ट्रीटवर शोधलं की यूएनएफ मिळतात. तपासलेल्या ठिकाणी सगळीकडे तेच लावलेले दिसले.

क्रोम आणि आतलं काम

कुशनकाम नीटनेटकं, पायपिंग सरळ, हुड (कापडी छप्पर) उन्हात ताणून बसवल्यासारखा घट्ट. बंपरचं क्रोम उत्तम, तांबं-निकेल-क्रोम तिन्ही थर असल्याचं बिलावर लिहिलं आहे. मागच्या दिव्यांच्या बैठका मात्र जस्ताच्या ओतीव धातूच्या असतात, आणि त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिल्या असाव्यात. त्या पुन्हा प्लेट करून उपयोग नाही, नव्या मागवाव्या लागतील.

कागद आणि व्यवहार

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज नोंदणीची तरतूद आली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना बॉम्बेचा नंबर ठेवता येतो. अट अशी की चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, आणि अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला नाही. रोज चालवायची इच्छा असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवावी लागेल. जपानी इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्यांकडे जाण्याआधी ही अट वाचा.

गॅरेजने दिलेली फाइल या दृष्टीने कामाची आहे: शेकडो फोटो, प्रत्येक सुट्या भागाचं बिल, इंजिन आणि बॉडी नंबरांचे ठसे. पैसे टप्प्यांनी घेतले, सुटी केल्यावर, पत्रा संपल्यावर, रंग झाल्यावर आणि जोडणीनंतर. दर टप्प्याला ग्राहकाने येऊन बघितल्यावरच पुढचं काम. मजुरीच्या तासांपैकी निम्म्याहून जास्त पत्र्यात आणि रंगाच्या तयारीत गेले, आणि हे प्रमाण खऱ्या कामाचं लक्षण आहे. इंजिन आणि पॉलिशवर भर देऊन पत्रा स्वस्तात दाखवणारं एस्टिमेट आलं तर सावध व्हावं.

तक्रार आहे ती मुदतीची. १५ महिने सांगून २२ लागले. चार महिने पावसाळ्याचे, ते मान्य. पण पावसाळा दरवर्षी येतो, तो पहिल्या अंदाजातच धरायला हवा होता. उरलेले तीन महिने हेडलाइटच्या रिंग आणि विंडस्क्रीनचं रबर इंग्लंडहून यायला गेले. ही मागणी गाडी सुटी करतानाच नोंदवता आली असती. मध्ये सहा आठवडे ग्राहकाला एकही निरोप नव्हता, आणि एवढा पैसा अडकलेल्या माणसाला ते फार जड जातं.

या गॅरेजकडे गाडी द्यावी का? पत्र्यासाठी आणि इंजिनासाठी नक्की द्यावी. देताना ती ऑक्टोबरात द्या, म्हणजे पत्रा पहिल्या उन्हाळ्यात संपून इपॉक्सीखाली पावसाळा निघेल आणि रंग पुढच्या हिवाळ्यात होईल. सुट्या भागांची यादी पहिल्या महिन्यात लेखी मागा. आणि ताब्यात घेताना एक पट्टी, एक जॅक आणि एक वाकवलेली तार सोबत न्या: पट्टी दाराच्या फटीला, जॅक सिलच्या मध्यावर, तार कॅसल रेलच्या खाचांना. या गाडीचा स्प्लॅश पॅनल आणि दिव्यांच्या बैठका मे अखेर बदलून मिळणार आहेत.